सहा सिलिंडरला ड्युअल एक्झॉस्ट चालत नाही? उलट तिथेच तो नीट बसतो

ड्युअल एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाचा धूर दोन पाइपांतून बाहेर काढण्याचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. ‘सहा सिलिंडरच्या गाडीला दोन पाइप लावू नका. ड्युअल व्ही-एटलाच शोभतो. सहामध्ये तेवढा गॅसच निघत नाही. बॅक प्रेशर जातं, खालचा टॉर्क मरतो आणि हाती फक्त आवाज येतो.’ इतक्या ठामपणे सांगितल्यावर लोकांना ते पटतं. (व्ही-एट म्हणजे V आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेलं इंजिन, बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा उलटा दाब आणि खालचा टॉर्क म्हणजे कमी आरपीएमची ओढ.) यातला प्रत्येक मुद्दा तपासून बघायला हवा, कारण बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत आणि जो थोडा बरोबर आहे त्याचं कारण चुकीचं दिलंय.

आधी ‘ड्युअल व्ही-एटलाच शोभतो’ हे बघू. इनलाइन सिक्सची, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाची रूढ फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) कागदावर मांडा: 1-5-3-6-2-4. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) 720 अंश फिरले की चक्र पुरं होतं, म्हणजे दर 120 अंशांनी एक सिलिंडर पेटतो. आता पुढचे तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागावर) आणि मागचे तीन दुसऱ्यावर घ्या. पुढच्या गटात 1, 3 आणि 2 हे अनुक्रमे 0, 240 आणि 480 अंशांवर पेटतात. मागच्या गटात 5, 6 आणि 4 हे 120, 360 आणि 600 वर. दोन्हीकडे बरोबर 240 अंशांचं अंतर. रस्त्यावरच्या गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण 240 ते 260 अंश उघडा असतो. म्हणजे एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिटत आला की मगच त्याच पाइपातल्या पुढच्याचा उघडतो. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. सहाही सिलिंडर एकाच तोंडात कोंबले, तर एकाचा धूर अर्धाच बाहेर पडलाय तोवर दुसऱ्याचा दाब येऊन आदळतो.

क्रॉसप्लेन क्रँकच्या, म्हणजे क्रँकची कोपरं 90 अंशांवर असलेल्या व्ही-एटमध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरांमधली अंतरं 90, 180, 270, 180 अशी विषम असतात. दोन सिलिंडर तर 90 अंशांतच एकामागून एक पेटतात आणि मॅनिफोल्डमध्ये एकमेकांना नडतात. दोन बाजू सांधायला एच किंवा एक्स आकाराचा जोडपाइप टाकतात, त्यामागे हेही एक कारण आहे. व्ही-एटला ड्युअल सोयीचा, कारण दोन मॅनिफोल्ड आयतेच मिळतात. पण धूर समान अंतराने सोडायचा म्हटलं तर सहा सिलिंडरचंच इंजिन सरस. व्ही-सिक्सलाही हे लागू आहे. सत्तरच्या दशकातल्या ब्यूकच्या ऑड-फायर (विषम अंतराने पेटणाऱ्या) व्ही-सिक्सचं इंजिन सलग ऐकलं तर लंगडं वाटायचं, पण एकेका बाजूचे तीन सिलिंडर तिथेही दर 240 अंशांनीच पेटायचे.

इतिहासही याच बाजूचा आहे. पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट 1953 साली आली तीच मुळी सहा सिलिंडर आणि ड्युअल एक्झॉस्ट घेऊन. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपच्या इनलाइन सिक्सलाही दोन मॅनिफोल्ड आणि मागे दोन टेलपाइप होते.

‘सहामध्ये तेवढा गॅसच नसतो’ हे तर हिशेबातही टिकत नाही. तीन लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 9000 लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला 150 लिटर. जळून तापल्यावर तोच गॅस तिप्पट किंवा जास्त फुगून बाहेर निघतो.

आता बॅक प्रेशर. हा गैरसमज सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल. कुठल्याही इंजिनाला बॅक प्रेशर नको असतं. पिस्टनला धूर ढकलायला लागणारी ताकद शेवटी क्रँककडूनच जाते. इंजिनाला हवा असतो तो गॅसचा वेग. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह काही अंश एकाच वेळी उघडे असतात. धूर वेगाने निघून गेला असेल तर त्याच्यामागे दाब कमी होतो आणि उरलासुरला जळका वायू ओढला जाऊन हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत येतं. याच वेळी शेजारच्या सिलिंडरचा धक्का पाइपातून परत आला तर जळका वायूच आत राहतो. टॉर्क ठरतो तो इथे.

मग ड्युअल लावल्यावर गाडी खाली ओढत नाही अशी तक्रार येते कुठून? बहुतेक वेळा पाइपच्या मापातून. मूळ सिंगल पाइप अडीच इंची असेल तर लोक हौसेने अडीच इंचीच दोन टाकतात. क्षेत्रफळ एकदम दुप्पट. गॅस सुस्तावतो, थंड होतो, कमी आरपीएमला त्याचा वेग राहत नाही. दोन इंची दोन पाइप घेतले तरी क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडं जास्तच भरतं. पावणेदोन इंची दोन घेतले तर जवळपास मूळ पाइपएवढंच भरतं, पण आतल्या भिंतीचा घेर 40 टक्के वाढतो, म्हणजे घर्षण आणि उष्णतेची गळती वाढली. माझा सल्ला साधा आहे: तीन लिटरच्या इंजिनाचा प्रत्येक पाइप दीड लिटरच्या इंजिनाचा आहे असं धरून माप निवडा. कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट व्हायची. एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर मिश्रण पातळ व्हायचं, पेट्रोल सोडणारं जेट कोणी बदलायचं नाही, गाडी अडखळायची आणि खापर बॅक प्रेशरवर फुटायचं.

उलट बाजूची थापही तितकीच खोटी: ‘दोन पाइप लावले की तीस हॉर्सपॉवर वाढते.’ त्या कॉर्व्हेटची ताकद 150 हॉर्सपॉवर होती आणि त्याच घराण्याच्या साध्या सेडानची 115 च्या आसपास. पण मधली वाढ कॅमशाफ्ट, वाढवलेलं कॉम्प्रेशन, तीन कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट या सगळ्यांची मिळून आहे. एकट्या पाइपांना ते श्रेय देता येत नाही.

‘हाती फक्त आवाज येतो’ हे एका प्रकारच्या कामाला मात्र शंभर टक्के लागू आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग, थोडक्यात कॅट) एक, मधला पाइप एक आणि बंपरखाली तेवढे दोन फाटे. याला मी ड्युअल म्हणणार नाही. अडथळा पुढे असताना मागे दोन तोंडं काढून काय सुटणार? सिंगल टर्बोच्या गाडीतही धूर टर्बाइन फिरवून बाहेर पडेपर्यंत धक्के एकत्र झालेले असतात. तिथे मागच्या दोन पाइपांनी वाट मोकळी होईल, गटवारीचा फायदा नाही. खरा अडथळा कुठे आहे ते अंदाजाने ठरवू नका. कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज बसवा आणि फुल थ्रॉटलला आकडा वाचा. काटा जेमतेम हलला तर पैसे वाचले.

आवाज कसा असेल याबद्दल मेसेज गप्प आहे, पण अपेक्षा आधीच नीट ठरवावी. 3000 आरपीएमला सहा सिलिंडरचे सेकंदाला 150 धक्के होतात. पाइप पूर्ण वेगळे ठेवले की प्रत्येकात 75. सूर खाली उतरतो, थोडा खरखरीत होतो. धक्के समान अंतराने येत असल्याने व्ही-एटची गुरगुर त्यातून येणार नाही. 2000 आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये घुमू लागलं तर दोन पाइप जोडणारी एक आडवी नळी टाकून बघा.

काम करणाऱ्याकडून दोन गोष्टी मात्र आग्रहाने करून घ्या. मॅनिफोल्ड विभागल्यावर प्रत्येक पाइपला स्वतःचा कॅट आणि स्वतःचा ऑक्सिजन सेन्सर हवा. सेन्सरच्या आधी जोडात बारीक गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण एक लिटर पाणी तयार होतं. दोन पाइप एकापेक्षा उशिरा तापतात, त्यामुळे छोट्या फेऱ्यांमध्ये ते पाणी सायलेन्सरात साचतं. स्टेनलेस स्टीलचे सायलेन्सर घ्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला बारीक भोक असल्याची खात्री करा.