कळफलक हाती घेतलेला नागरिक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर आणि परखड प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. युक्रेनच्या ‘आयटी आर्मी’वरील, म्हणजे रशियाची संकेतस्थळे बंद पाडण्यासाठी उभ्या केलेल्या स्वयंसेवी तंत्रज्ञांच्या फौजेवरील, माझ्या लेखाविषयी आपले आक्षेप तीन आहेत. ‘त्यांनी सुरुवात केली’ असताना मी आक्रमक आणि आक्रमणग्रस्त यांना एकाच मापाने मोजले. एखादे संकेतस्थळ चार तास बंद पडल्याने कोणाचेही रक्त सांडत नाही. आणि पुण्यातल्या एखाद्या अभियंत्याने रात्री आपला लॅपटॉप त्या कामाला लावला, तर त्यात गैर काहीच नाही.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. रशियाने युक्रेनवर आधी काय लादले होते, हे मी दोन ओळींत उरकले, तसे करायला नको होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी दुपारी इव्हानो-फ्रँकिव्हस्क येथील वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात कोणीही माऊसला हात लावलेला नसताना पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकेका उपकेंद्राचा ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारी कळ, उघडत गेला. त्या दिवशी तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. तक्रार नोंदवायच्या दूरध्वनीवरही खोट्या कॉलचा मारा चालू होता. अखेर माणसांनी गाड्या काढून उपकेंद्रे गाठली, हाताने ब्रेकर पुन्हा जोडले आणि काही तासांत वीज परत आली. अमेरिकेने २०२० मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर जे आरोपपत्र ठेवले, त्यात हा हल्लाही आहे. इतके सोसलेल्या देशाला प्रतिकाराचा अधिकार आहे, याविषयी माझ्या मनात कधीही शंका नव्हती.

माझा प्रश्न वेगळा आहे: तो प्रतिकार कोणाच्या हातून आणि कोणाच्या जबाबदारीवर व्हावा? २६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे तेव्हाचे डिजिटल परिवर्तन मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी टेलिग्रामवरून जगभरातल्या तंत्रज्ञांना हाक दिली आणि लक्ष्यांची यादी जाहीर केली. काही आठवड्यांतच त्या वाहिनीचे सदस्य तीन लाखांच्या पुढे गेले. यादीत सरकारी संकेतस्थळे होती, तशीच स्बेरबँक ही रशियाची सर्वात मोठी बँकही होती. खोट्या विनंत्यांचा मारा करून या बँकेचा सर्व्हर कोलमडवला, तर त्याची झळ क्रेमलिनच्या आधी पेन्शन काढायला आलेल्या म्हातारीला बसते. ‘रक्त सांडत नाही’ हे आपले विधान म्हणूनच मला पटत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी कीवस्टार ही युक्रेनची सर्वात मोठी मोबाइल कंपनी हल्ल्याने ठप्प झाली, तेव्हा सुमी भागात हवाई हल्ल्याची सूचना देणारी यंत्रणा विस्कळीत झाली, आणि ल्विव्हमध्ये त्याच कंपनीच्या जाळ्यावरून चालणारे रस्त्यावरचे दिवे माणसे पाठवून हाताने विझवावे लागले. भोंगा वाजला नाही, तर रक्त सांडायला किती वेळ लागतो? बँक, दूरध्वनी आणि वीज या नागरिकांच्या वस्तू आहेत, आणि त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना तितक्याच नागरिकांच्या असतात.

आपल्या पुण्याच्या अभियंत्याविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते. जिनिव्हा करारांच्या १९७७ सालच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील ५१ व्या कलमानुसार नागरिकाला हल्ल्यापासून संरक्षण आहे, पण तो जोवर लढाईत थेट भाग घेत नाही तोवरच. पुण्यात त्याच्यावर क्षेपणास्त्र पडणार नाही, हे खरे. मात्र दुसऱ्याची संगणक यंत्रणा बंद पाडणे हे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली गुन्हा ठरू शकते, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. युक्रेनच्या खारकिव्हमध्ये बसून तेच करणाऱ्या विद्यार्थ्याला तर गणवेश नाही, हुद्दा नाही आणि शत्रूच्या हाती सापडल्यास युद्धकैद्याचा दर्जाही नाही. त्याला हाक देणाऱ्या मंत्र्याने यातले त्याला काय समजावून सांगितले होते? ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या तज्ज्ञांनी अशा नागरी हॅकरांसाठी आठ नियम मांडले. शत्रूने नियम मोडले तरी आपण ते पाळायचे, हा त्यांतला आठवा. आपल्या प्रतिक्रियेतले ‘त्यांनी सुरुवात केली’ हे उत्तर तिथेच अडते.

मग नागरिकाने हातावर हात ठेवून बसायचे का, असे आपण विचाराल. तसे मी म्हणत नाही. २००७ च्या वसंतात एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे अशाच माऱ्याखाली आली. त्यानंतर तिथल्या स्वयंसेवी संरक्षण दलात, कैत्सेलीतमध्ये, सायबर तुकडी उभी राहिली. त्या तुकडीत नोकरी-व्यवसाय सांभाळणारे संगणकतज्ज्ञ आहेत, पण ते कायद्याने स्थापन झालेल्या संघटनेचे सदस्य आहेत, त्यांचा सराव आधीपासून चालतो आणि त्यांचे मुख्य काम देशातल्या यंत्रणा सावरण्याचे आहे. ही वाट मूळ लेखात दाखवायची राहून गेली, आणि आपला राग बराचसा त्या उणिवेमुळे आहे असे मला वाटते. २०१५ च्या घटनेसह ती मी आज लेखात जोडत आहे. आपण तो भाग पुन्हा वाचून, पटले नाही तर तसेही अवश्य कळवावे.