पोरांच्या युरीन टेस्टचा मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी हे वाचा की

चार दिवस झाले, बेळगावात टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "प्रत्येक हायस्कूलात पोरांची दर महिन्याला ड्रग टेस्ट सक्तीची करा, अमेरिकेत सगळ्या शाळांत करतात, टेस्ट खोटं बोलत नाही, पॉझिटिव्ह आला की दाखला हातात द्या." मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज लघवीच्या बाटल्याच बघतो, म्हणून बोलतोय.

अमेरिकेत सगळ्या शाळांत? नाही बा. तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये शाळेच्या टीममधून खेळणाऱ्यांची आणि २००२ मध्ये, तेही ५ विरुद्ध ४ नं, इतर उपक्रमांत भाग घेणाऱ्यांची टेस्ट चालेल म्हटलं, सरसकट अख्ख्या वर्गाची नाही. २००२ ची केस ओक्लाहोमाची, तिथं नियमच असा होता की रिपोर्ट पोलिसांकडं जायचा नाही, शाळेतून काढायचं नाही, फार तर उपक्रम बंद. दाखल्याचं मेसेजवाल्यानं स्वतःच्या पदरचं घातलंय. आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये अशा टेस्ट सरसकट राबवायला विरोधच केलाय.

आता ते खोटं न बोलण्याचं. लघवीत बुडवायच्या पट्टीवरची टेस्ट म्हणजे नुसती चाळणी, पक्कं सांगायला मोठ्या मशीनवर सॅम्पल परत लावावं लागतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी पट्टी चुकते. आणि खसखस! दिवाळीचे अनारसे, वर शेजारच्या कन्नड काकूंकडून आलेला गसगसे पायसा, एवढं खाऊन पोरगं आलं तर लघवीत अफूतलं मॉर्फिन दिसू शकतं, खरंखुरं मॉर्फिन, पण नशा कसली नाही. याच खसखशीपायी अमेरिकेनं १९९८ मध्ये सरकारी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह धरायची मर्यादा एका मिलीलीटर लघवीत ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, आपल्याकडं ३०० वाल्या पट्ट्या अजून मिळतात. पोराचं नाव एकदा वर्गात फुटलं की दुसरा रिपोर्ट कोण वाचतंय?

आणि सापडणार काय? रोज गांजा ओढणारा सोडल्यावरसुद्धा कित्येक दिवस पॉझिटिव्ह येतो, शनिवारी बिअर प्यालेला सोमवारी साध्या पट्टीवर क्लीन. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणारा तर नेहमीच्या पॅनेलवर, म्हणजे एकदम चार-पाच नशा तपासणाऱ्या पट्टीवर, दिसतच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्व्हेत हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या पोरांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८, पोरं मोठ्यांच्या पुढं असलेली ही एकच नशा, आणि नेमकी तीच पट्टीवर नाही. तंबाखूचं तर बोलूच नका, निपाणीच्या जिल्ह्यात राहतो आपण, मावा चघळणारं पोरगं त्या नेहमीच्या पट्टीवर निर्व्यसनी.

"ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यायचं कशाला" म्हणे. नववीतल्या पोरीला बाटली देऊन संडासाच्या दारात बाई उभी करणार तुम्ही, नाहीतर नळाचं पाणी घालून आणेल कुणीतरी. मेसेज लिहिणाऱ्यानं आधी स्वतःच्या ऑफिसात महिनाभर करून बघावं.

दाखला द्यायचाच असला तर विकणाऱ्याला द्या की. शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा, पोराला तंबाखू किंवा नशा दिली तर ७ वर्षांपर्यंत जेल आणि १ लाखापर्यंत दंड हा २०१५ चा. उद्या पोराला सोडायला जाल तेव्हा गेटपासून पानपट्टीपर्यंत पावलं मोजा आणि तो आकडा टाका ग्रुपवर.