साडेआठ टक्के पास कोणी केले?

खालच्या मजल्यावरचे काका आले तेव्हा मी सहाव्या वळणावर होतो. आल्प ड्यू झ्विफ्ट म्हणजे झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या ॲपमधला घाट. सायकल ट्रेनर नावाच्या यंत्राला जोडायची, पडद्यावरचा चढ ते पायांना देतं. तिथे वळणं उलटी मोजतात, पायथ्याशी 21 आणि माथ्याशी 1. फ्रान्समधला खरा आल्प द्युएझ घाटही असाच मोजतात. तिथल्या 21 नंबरच्या पाटीवर 1952 च्या टूर द फ्रान्स शर्यतीत इथे जिंकलेल्या फाउस्तो कोप्पीचं नाव आहे. ॲपमधली नक्कल 12.2 किलोमीटरची, चढ 1036 मीटर, सरासरी साडेआठ टक्के. खोलीतल्या खोलीत सायकल हाणणाऱ्या जगभरच्या मंडळींचं इथे एकच स्वप्न असतं: एका तासाच्या आत माथा. प्रत्येक वळणाला त्या टप्प्याची वेळ पडद्यावर उमटते, आणि काल ती वेळ माझ्या बाजूने होती.

दार उघडं ठेवलं होतं, कारण बडोद्याच्या हवेत दुसरा इलाज नाही. पेडलवर 240 वॅट पोचवायचे तर शरीर त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे बंद खोलीत आपणच पाऊण किलोवॅटचा हीटर. नुसत्या एसीने भागत नाही, अंगावरून वारा वाहिला तरच घाम सुकतो. म्हणून छातीसमोर स्टँडचा मोठा पंखा, दुसरा पाठीमागून, हँडलवर टॉवेल. टॉवेल आपल्यासाठी नाही, सायकलसाठी. खारट घाम हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टांत आणि त्याखालच्या हेडसेटच्या बेअरिंगमध्ये उतरला की गंज आतून धरतो, आणि कळतं तेव्हा बोल्ट पान्याला दाद देत नाही.

तर काका. आर अँड बी, म्हणजे रस्ते नि इमारती खात्यातून निवृत्त. आले होते तक्रार घेऊन. "अरे, तुझ्या गिरणीमुळे आमच्याकडे बशी वाजतेय." तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर गेली आणि बशी राहिली बाजूला.

"हा कुठला घाट?"

"फ्रान्स," मी म्हटलं. त्या क्षणी माझ्याकडे एका शब्दापुरतीच हवा होती.

"ग्रेडियंट काय?"

"साडेआठ."

काका चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. "साडेआठ? सरासरी? आयआरसीत, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत, हे बसतच नाही. डोंगराळ भागात पाच टक्के धरायचे, मर्यादा सहा, अगदीच अपवाद म्हणून सात. कितीही खडा डोंगर असला तरी आठच्या वर जायचं नाही. हे पास कोणी केलं?"

तेवढ्यात पाचवं वळण आलं. "हां, हेअरपिनवर चढ कमी केलाय. हे बरोबर. तिथे चाळीसात एक, त्याहून जास्त द्यायचा नाही. कठडा मात्र कुठे दिसत नाही. गटार तर नाहीच. पहिल्या पावसात हा रस्ता वाहून जाणार."

आता हृदयाचे ठोके 170 च्या पुढे गेलेल्या माणसाने आल्प्समधल्या सांडपाण्याची जबाबदारी घ्यावी का? मी मान हलवली. ती त्यांनी होकार समजून घेतली.

मग त्यांना माझ्या फोनवर ट्रेनर डिफिकल्टीची पट्टी दिसली. ती मुळात पन्नास टक्क्यांवर असते. तिचा अर्थ असा की पडद्यावर चढ दहा टक्के असला तरी पायांना ट्रेनर पाचच टक्क्यांचा देतो. पण वर जायला लागणारे वॅट तेवढेच राहतात, फरक पडतो फक्त गिअरमध्ये. पट्टी शंभरावर नेली आणि चढ अकरा-बारा टक्क्यांचा झाला की पेडलजवळची 34 दात्यांची चेनरिंग आणि मागचा 28 दात्यांचा गिअर कमी पडतो, पाय मिनिटाला साठ फेऱ्यांवर येतात आणि गुडघे बोलू लागतात. हे मी चौथ्या वळणावर, तुटक श्वासांत, समजावून सांगितलं.

"म्हणजे चढ अर्धा केलास," काका म्हणाले.

"नाही काका. वॅट तेवढेच."

"पण चढ अर्धा."

यावर उत्तर नाही. नवी माणसं पट्टी शून्यावर आणून 'घाट सोपा झाला' म्हणून खूश होतात, तीही चुकतात आणि काकाही चुकतात. पण काकांच्या चुकीमागे बत्तीस वर्षांची सरकारी नोकरी होती.

खरी लबाडी दुसरीकडेच आहे. तुमचं वजन तुम्ही टाइप कराल ते ॲप खरं मानतं. दहा किलो कमी लिहा, त्याच वॅटला पडद्यावरचा तुमचा अवतार वर पळायला लागतो. तासाभरात माथा गाठायला किलोमागे साधारण 3.2 वॅट लागतात, ते किलो कमी करायचा हा सोपा रस्ता. हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. "मग चाळीस लिही ना! संपव एकदाचं."

मग हिशेब निघाला. माझं वजन 75 आणि सायकल आठ धरून त्यांनी पेपरच्या कडेला गणित मांडलं: 83 गुणिले 9.81 गुणिले 1036. "आठशे त्रेचाळीस किलोज्यूल. म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही. दोन रुपयांची वीज नाही रे ही! आणि तुझे दोन पंखे नि टीव्ही तेवढी खाणार." उत्तर बरोबर होतं, हेच जास्त लागलं. "त्यापेक्षा पावागड काय वाईट? गच्चीवरून दिसतो."

पावागड दिसतो, मान्य. पण मध्ये पन्नासेक किलोमीटरचा हायवे आहे, ट्रक आहेत आणि उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली आहेत. आमच्या गावात चढ म्हणजे उड्डाणपूल. सलग तासभराचा चढ ज्याला पायाखाली हवा त्याने खोलीत बसावं, नाहीतर बदली मागून घ्यावी.

दुसऱ्या वळणाला काकांना बशी आठवली. कंपनाचं शास्त्र त्यांना माहीत आहे आणि मलाही. रबरी मॅट घरघर शोषते, पण उभं राहून पेडल मारताना जो संथ हेलकावा बसतो तो स्लॅबमध्ये उतरतोच. त्याला उपाय म्हणजे जाड मऊ फोमवर प्लाय आणि त्यावर ट्रेनर. आणि जागा खोलीच्या मधोमध नको, तिथे स्लॅब सर्वांत जास्त हलतो, भिंतीकडे बीमजवळ हवी. हे सगळं मी केलेलं आहे. पण काकांना पुरावा हवा होता. त्यांनी काकूंना फोन लावला, "बशीकडे बघ हं," म्हणाले आणि ट्रेनरचा प्लग काढला.

चुंबकाची वीज गेली की चढ क्षणात नाहीसा होतो. पाय मोकळ्या हवेत गरागरा फिरले, मी हँडलवर आपटता आपटता वाचलो. पडद्यावर वॅट शून्य, अवतार चढावर थबकला आणि त्याने एक पाय खाली टेकला. बाजूने एक जपानी आणि दोन इंग्लिश झेंडे निघून गेले. घड्याळ मात्र थांबत नाही. प्लग परत लावा, ट्रेनर जागा होऊ द्या, ब्लूटूथ जोडा, तोवर ते चालूच. चढ पूर्ण केल्याची नोंद मिळते, तासाच्या आतली वेळ मिळत नाही. स्वतःची वीज स्वतः बनवणारे ट्रेनरही मिळतात, पण ते घेताना शेजारी कुठले आहेत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. "वाजतेय की अजून," काकू म्हणाल्या.

"कुठे ठेवलीय?"

"फ्रिजवर. नेहमीच्याच जागी."

काकांनी प्लग परत लावला. चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. कॉम्प्रेसरचा दोष सापडल्याचं समाधानच होतं. मी माथ्यावर पोचलो तेव्हा तास कधीच उलटून गेला होता. तिथे बक्षिसाचं चाक फिरतं, नशीब असेल तर हलकी चाकं मिळतात. काय मिळालं ते बघायलाही मी थांबलो नाही.

"उतार कधी आहे?" जाता जाता त्यांनी विचारलं. वळणांवर रस्त्याला बाहेरून उचल किती दिलीय, ते त्यांना तपासायचं होतं.

"रविवारी."

"मग हिलाही आणतो. खुर्च्या आहेत ना तुझ्याकडे?"