'मिटिगेशन्स ऑफ करा, 30 टक्के स्पीड फुकट' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

पुण्यात सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स टाकून वापरणारी इंजिनिअरिंगची पोरं भरपूर आहेत आणि त्यांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय. सार असं की ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, 'मिटिगेशन्स=ऑफ' टाका (म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषांवरचे उपाय बंद करा), मशीन 30 टक्के फास्ट होतं, मेल्टडाउन नावाच्या प्रोसेसरमधल्या दोषावरचा पॅच सर्व्हरवाल्यांसाठी आहे, घरी कोण हल्ला करणार, अँटिव्हायरस आहे की, आणि तसंही हा सगळा इंटेलचा नवे प्रोसेसर खपवायचा डाव. काही जणांनी हे वाचून खरंच बंद केलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 'घरी गरज नाही' हेच घेऊ, कारण सगळी गडबड इथेच आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमच्या पेज टेबलमध्ये (मेमरीतलं काय कुठे आहे याची यादी) कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची, सगळी मेमरी पण मॅप केलेली असायची, फक्त त्यावर 'युजरला परवानगी नाही' असा बिट लावलेला असायचा. सिस्टम कॉल आला, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागितलं, की टेबल बदलायला नको, काम पटकन, म्हणून तशी रचना. मेल्टडाउनमध्ये दिसलं की इंटेलचे बरेच प्रोसेसर परवानगीचा निकाल लागायच्या आधीच तो डेटा उचलून पुढच्या इन्स्ट्रक्शन्स चालवून मोकळे होतात, मग चूक लक्षात आली की निकाल फेकून देतात, पण तोवर कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीत, खूण राहिलेली असते आणि कुठली जागा पटकन वाचली जाते हे वेळ मोजून बघितलं की तो बाइट कळतो. असं करत करत रिसर्चर्सनी सेकंदाला 500 केबीच्या आसपास वाचून दाखवलं. आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये जवळपास सगळी फिजिकल रॅम मॅप केलेली असते, म्हणजे कर्नल वाचता आला की दुसऱ्या प्रोग्रॅममधला तुमचा बँकेचा पासवर्डही वाचता आला. याला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागत नाहीत, साधा युजर प्रोग्रॅम पुरतो. पॅचने, म्हणजे केपीटीआयने, दोन पेज टेबलं केली. प्रोग्रॅम चालू असताना जे टेबल असतं त्यात कर्नलचा अगदी आत शिरण्यापुरता तुकडा ठेवला, बाकी मॅपच नाही. जे मॅपच नाही ते प्रोसेसर घाईत तरी कुठून उचलणार?

आता सांगा, कुठूनतरी उतरवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर, न वाचता टाकलेलं पायथॉनचं पॅकेज, हे सर्व्हरवर जास्त चालतं का सदाशिव पेठेतल्या रूमवरच्या लॅपटॉपवर?

शिवाय 'मिटिगेशन्स=ऑफ' फक्त मेल्टडाउनचं संरक्षण काढत नाही हे मेसेजमध्ये कुठेच नाही! स्पेक्टर, एल1टीएफ, एमडीएस अशा प्रोसेसरमधल्या बाकीच्या दोषांवरचे उपायही एका फटक्यात जातात. स्पेक्टर तर ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधूनही करून दाखवलेला आहे, त्यासाठीच जानेवारी 2018 मध्ये फायरफॉक्सने घाईघाईने टायमरची अचूकता कमी केली होती.

30 टक्क्यांचा आकडा हवेतला नाही, सुरुवातीला 5 ते 30 टक्के असं बोललं जात होतंच. पण तो फटका कुणाला? जो प्रोग्रॅम सतत कर्नलमध्ये ये-जा करतो त्याला, म्हणजे डेटाबेस, नेटवर्क सर्व्हर, बारक्या फाइल्सची सतत वाच-लिही, कारण प्रत्येक खेपेला टेबल बदलावं लागतं. व्हिडिओ बघणं, पीडीएफ वाचणं यात प्रोसेसर बहुतेक वेळ युजर बाजूलाच असतो, तिथे फरक जाणवण्याइतका नसतो. त्यात इंटेलच्या सहाव्या जनरेशनसारख्या प्रोसेसरमध्ये पीसीआयडी नावाची सोय आहे, त्यामुळे टेबल बदललं तरी दरवेळी टीएलबी, म्हणजे पेज टेबलच्या नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेला साठा, पूर्ण रिकामा करावा लागत नाही, खर्च अजून कमी. लॅपटॉप रखडतोय तो बहुतेक जुन्या हार्डडिस्कमुळे नाहीतर 4 जीबी रॅममुळे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारा आणि एसएसडी टाका, फरक लगेच दिसेल.

अँटिव्हायरसचा मुद्दा पटकन संपतो. या वाचण्याची नोंद नेहमीच्या लॉगमध्ये उमटत नाही आणि असा कोड बाकीच्या साध्या प्रोग्रॅमसारखाच दिसतो. त्यामुळे 'कुणावर हल्ला झाल्याचं ऐकलं नाही' यालाही फारसा अर्थ नाही.

आणि इंटेलचा डाव? केपीटीआयचं मूळ रूप कैसर, ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2017 मध्येच मांडलं होतं, तेही वेगळ्याच कारणासाठी, कर्नल मेमरीत कुठे बसलाय तो पत्ता लपवायला. मेल्टडाउन गुगलची सुरक्षा टीम प्रोजेक्ट झिरो, सायबेरस टेक्नॉलॉजी ही कंपनी आणि ग्राझ अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडलं, 3 जानेवारी 2018 ला जाहीर झालं, आणि त्यात एएमडीचे प्रोसेसर सुटले पण इंटेलचे अडकले. स्वतःची अशी नाचक्की करून घेणारा डाव कोण रचेल! उलट या पॅचमुळे जुनी मशीन्स फुकटात वापरण्याजोगी राहिली. एएमडीवर किंवा हार्डवेअरमध्येच दुरुस्ती झालेल्या नव्या इंटेलवर कर्नल केपीटीआय आपणहून लावतच नाही, मग तिथे तो बंद करून वाचणार काय?

एक गोष्ट मान्य, नेटला न जोडलेलं, फक्त स्वतः लिहिलेलं सिम्युलेशन चालवणारं मशीन असेल तर बंद करा, विचार करून करा. रोजच्या लॅपटॉपवर नको.

ज्यांनी आधीच बंद केलंय त्यांनी उबंटू किंवा मिंटवर ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरमधली ग्रब फाइल उघडून 'मिटिगेशन्स=ऑफ' हा शब्द काढा, अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा आणि एलएससीपीयू कमांड द्या. मेल्टडाउनच्या ओळीत 'मिटिगेशन; पीटीआय' किंवा 'नॉट अफेक्टेड' दिसलं पाहिजे. 'व्हल्नरेबल' दिसलं तर शब्द अजून कुठेतरी राहिलाय किंवा कर्नल फार जुना आहे, तो अपडेट करा.