रस्ता त्यांनी उचलला, परवाना मी काढायचा

प्लॉटवर मातीचा भराव टाकायच्या परवान्यासाठी आज कचेरीत सातवी खेप. सातवी! आणि हाती काय पडलं, तर फाईलवर लाल पेनाने एक ओळ : ‘मातीच्या परिमाणात तफावत. खुलासा करावा.’ खुलासा मी तिथल्या तिथे केला, तो कुणी ऐकला नाही. आता तुम्ही ऐका.

माझा प्लॉट ३० मीटर बाय २० मीटर. घेतला तेव्हा रस्त्याच्या पातळीत होता. माझी जमीन खाली गेलेली नाही, रस्ता वर आलाय. जुना थर खरवडायचा नाही, त्याच्याच डोक्यावर खडी आणि डांबर ओतायचं, काही वर्षांनी पुन्हा तेच. असं करत करत रस्ता फूटभर चढला आणि माझा प्लॉट झाला परात. चार सरी पडल्या की अख्ख्या रस्त्याचं पाणी गटार सोडून माझ्याकडे मुक्कामाला येतं. म्हणून अर्धा मीटर भराव टाकायचा, जमिनीला जरा उतार द्यायचा, मग पुढे बांधकामाचं बघायचं. स्वतःची जागा, स्वतःचा पैसा, आणि टाकायची काय तर माती.

तर ती तफावत. ६०० चौरस मीटरवर अर्धा मीटर म्हणजे ३०० घनमीटर. शाळेतल्या पोरालाही जमेल. पण माती खणली की फुगते आणि रोलरखाली दाबली की बसते. डंपरमधून सैल उतरलेली माती दाबल्यावर साधारण पाचव्या हिश्श्याने कमी भरते. म्हणजे ३०० घनमीटर पक्का भराव हवा असेल तर सैल माती ३७५ घनमीटर आणावी लागेल. दहा घनमीटरचा डंपर धरला तर ३८ खेपा. माझ्या इंजिनिअरने इमानदारीत भरावाच्या रकान्यात ३०० लिहिलं आणि वाहतुकीच्या रकान्यात ३७५. ही त्याची चूक. इमानदारी.

“अहो, इथे ३०० आहे, तिथे ३७५. नक्की किती?”

“डंपरमधून उतरेल ती ३७५, दाबून बसेल ती ३००.”

“मग वरची ७५ कुठे जाणार?”

“ती माती नाहीच, साहेब. मधली हवा आहे. रोलर फिरला की निघून जाते.”

“चेष्टा करताय का?”

देवाशप्पथ, मी चेष्टा करत नव्हतो. भरावाचा परवाना देणाऱ्या टेबलावर बसलेल्या माणसाला माती दाबल्यावर बसते हे ठाऊक नसावं! त्यांना वाटलं, उरलेली ७५ घनमीटर मी गुपचूप कुणाला तरी विकणार.

बरं, नियमच नको असं म्हणणारा मी नव्हे. भराव ही वाईट चीज आहे, चुकीचा टाकला तर. माझी जमीन वर गेली की माझं पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाणार. झाडाच्या बुंध्याभोवती फूटभर माती चढवली की त्याच्या मुळांना हवा मिळेनाशी होते, कारण पोसणारी मुळं वरच्या दोनेक फुटांतच पसरलेली असतात. झाड लगेच मरतही नाही, दोन-चार वर्षांनी वाळतं, तोवर कुणाला माती आठवत नाही. आणि कुठल्या तरी जुन्या कारखान्याच्या आवारातली तेल मुरलेली माती आणून टाकली तर विहिरीचं पाणी गेलंच म्हणायचं. चीनमध्ये शेन्झेनला २० डिसेंबर २०१५ रोजी बांधकामांतून निघालेल्या मातीचा आणि राड्यारोड्याचा डोंगर घसरला, इमारती गाडल्या गेल्या, सत्तरहून जास्त माणसं गेली. तेव्हा विचारा ना! कसून विचारा! मी सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो.

पण विचारलं काय? फोटो मागून पांढरा असलेला हवा. शपथपत्र. नकाशाच्या पाच प्रती, सहावी ‘असू द्या’. डंपरमालकाचं नाव. आणि माती कुठून येणार, या रकान्यात आमच्या पठ्ठ्याने घाईत ‘बाहेरून’ एवढंच लिहिलं होतं. ते चाललं! बाहेरून! जमिनीच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वस्तू ‘बाहेरून’ आली तरी हरकत नाही, फोटोची पार्श्वभूमी मात्र निळी चालत नाही.

थर किती जाडीचे टाकणार, हे एकाने विचारलं असतं तर मी तिथेच त्यांचे पाय धरले असते. सगळा अर्धा मीटर एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरची माती टणक आणि खालची भुसभुशीत राहते. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा थर टाकायचा, दाबायचा, मग पुढचा. त्याआधी वरची गवतामुळांची माती खरवडून बाजूला काढायची, नाहीतर ती खाली कुजते आणि फरशी खचते. पाणीही बेताचं लागतं. फार कोरडी माती दबत नाही, फार ओली रोलरखाली लापशीसारखी हलते. राल्फ प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्ये हे मोजायची चाचणी सांगितली, आजही जगभर ती वापरतात. तिचा रिपोर्ट मी न मागता जोडला होता. आज फाईल उघडली तर तो गायब. ‘यादीत नसलेले कागद आम्ही काढून टाकतो, फाईल जड होते.’

आणि आता शेजारी. मागच्या अंगाच्या प्लॉटवाल्याने एका रात्रीत भराव टाकला. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या पिशव्या, सगळं. परवाना नाही, काही नाही. नंतर दंड भरला आणि प्रकरण मिटलं. त्याचंही पाणी आता माझ्याकडेच उतरतं. आणि माझ्या अर्जाला ना-हरकत कुणाची हवी? त्याचीच! तो म्हणतो, “तुम्ही जमीन वर घेतली तर माझं पाणी कुठे जाईल?” मी दोन मिनिटं नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

पाण्यावरून आठवलं. पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा मागितला, तोही दिला. त्यात रस्त्यावरून येणारं पाणी बाणांनी दाखवलं होतं. साहेबांनी बाणांवर बोट ठेवलं. “हे काढून टाका.”

“पण पाणी तिथूनच येतं.”

“येत असेल. रस्त्याचा विभाग वेगळा आहे. आमच्या फाईलवर त्यांचं पाणी दाखवता येत नाही.”

म्हणजे ज्या पाण्यापायी हा सगळा उपद्व्याप, तेच कागदावरून पुसायचं. रस्ता फूटभर उचलताना यांनी माझी ना-हरकत घेतली होती का? माझ्या दारातलं पाणी कुठे जाईल, याचा आराखडा काढला होता का? एका रात्रीत रोलर आला, धूर झाला, सकाळी माझ्या फाटकाचा खालचा दांडा डांबरात. फाटक आजही पूर्ण उघडत नाही.

पुढची गंमत म्हणजे परवाना मिळालाच, तर त्याची मुदत तीन महिने. ती सहीच्या तारखेपासून मोजतात, कागद माझ्या हातात पडल्यापासून नाही. सही झाल्यावर तो आवक-जावकच्या टेबलावर किती दिवस पहुडेल ते त्या टेबलालाच ठाऊक. तोवर पाऊस लागेल. पावसात भराव दाबता येत नाही, हे वर सांगितलंच. मग मुदतवाढीचा अर्ज करायचा, आणि त्याला, बसलेले आहात ना, शेजाऱ्याची नव्याने ना-हरकत.

इंजिनिअर म्हणाला, सरळ दोन्हीकडे ३०० लिहून टाकू. म्हणजे ३० खेपांनंतर माती संपणार, भराव चाळीस सेंटिमीटरवर थांबणार आणि वरचे आठ डंपर बेकायदा ठरणार. दोन्हीकडे ३७५ लिहिलं तर शुल्क वाढतं आणि नकाशातली उंचीही बदलते, म्हणजे नकाशा नव्याने, पाच प्रती. शेवटी खुलासापत्रच लिहिलं. ‘माती दाबल्यावर आकारमान घटते’ हे एक वाक्य, आणि त्याखाली इंजिनिअरचा शिक्का.

उद्या अकराला बोलावलंय. येताना लाल पेन आणा म्हणाले, त्यांचं संपलंय.