अक्षर आहे की महापूर?

या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक चुकून जरा फिरलं, की १४ चं अक्षर थेट चाळिशी गाठतं. अहो, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचीसुद्धा ४० फुटांना इशारा पातळी असते, ४५ ला धोका! या एडिटरला तेवढीही रीत नाही. कमी करायला कंट्रोल-मायनस दाबावं, तर अख्खी खिडकीच आकसते. मेनू मुंगीएवढे, अक्षर तरीही भलंथोरलं. वा रे वा! आणि शेवटच्या ओळीखाली एवढं रिकामं मैदान कशाला सोडलंय, गणपतीचा मांडव घालायला? बंद करता येतं म्हणे. सेटिंगमध्ये. शोधा! सगळं बसवून विश्रामबागला घरी आलो, दुसरा लॅपटॉप उघडला, तर अक्षर १२. माझेही तेवढेच वाजलेत!