जाळीवरचे केस उचला, एवढंच म्हणतेय

आंघोळ करून बाहेर येणाऱ्या माणसाला जाळीवरचा केसांचा पुंजका दिसलाच नाही, हे मला कुणी सांगू नये. दिसतो. सगळ्यांना दिसतो. घोटाभर साबणाच्या पाण्यात उभं राहून आंघोळ उरकतात, पायाच्या अंगठ्यानं तो पुंजका जरा बाजूला सारतात, पाणी खाली जायला लागलं की टॉवेल गुंडाळून बाहेर. आणि बाहेर येऊन मलाच सांगतात, "अगं, बाथरूम तुंबलंय बघ."

मी काय बघू? आत्ता आत कोण होतं?

वाकायचं, दोन बोटांनी केस उचलायचे, कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. शिकलेली, कमावती, हातीपायी धड माणसं ते करत नाहीत, कारण त्यांना किळस येते. स्वतःच्या डोक्यावर असतात तोवर त्याच केसांना तेल, शाम्पू, सीरम, काय काय लागतं. गळून जाळीवर पडले की ते कुणाचेच नसतात. मग ते उचलायला घरातली एक बाई असते, नाहीतर कामाला येणारी दुसरी बाई. बायकांना काय किळस येत नाही?

आणि वर बोलायचं काय, तर "घरात लांब केसवाल्या बायका जास्त, म्हणून तुंबतं." अहो, चांगल्या धडधाकट माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात, बाईचे आणि पुरुषाचेही. लांब केस निदान जाळीवर अडकून दिसतात तरी. दाढीचे, छातीचे, पाठीचे बारीक केस भोकांतून सरळ खाली जातात आणि तिथल्या चिकट्यात रुतून बसतात. ते दिसत नाहीत म्हणून त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

माझ्या थोरलीला डेंग्यू झाला होता. ताप गेला, पोरगी बरी झाली, आणि दोनेक महिन्यांनी तिचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर असं होतं, काही महिन्यांत आपोआप थांबतं, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. तरी ती पोरगी रोज न्हाऊन बाहेर यायची ती डोळे लाल करूनच. आणि तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या एका नातलग बाईंनी तिच्या तोंडावर सांगितलं, "पोरींचे केस कापून टाक सगळ्यांचे, मोरी तरी मोकळी राहील." मी तेव्हा गप्प बसले नाही आणि आजही बसणार नाही. मोरी तुंबते म्हणून पोरीचे केस कापायचे? जाळी उचलून साफ करायची नाही?

जाळीच्या खाली काय असतं, हे घरातल्या किती जणांना माहीत आहे? खाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं, आणि त्या पाण्यामुळेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. बऱ्याच जाळ्यांना खालून एक उपडी वाटी असते, तिची कड त्या पाण्यात बुडलेली असते. केस आधी अडकतात ते या कडेला. एक अडकला की त्याला दुसरा गुंततो, त्याला तिसरा. मग त्यावर साबण बसतो. आमच्याकडे बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी. जड पाण्यात साबणाला धड फेस येत नाही, पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा पांढरट चिकट साका होतो. तो विरघळत नाही, केसांना लपेटून बसतो. त्यात रविवारचं तेल. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. पुण्याच्या थंडीत कपाटातल्या बाटलीचं जे होतं, तेच खाली ट्रॅपमधल्या तेलाचं होतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आमची मोरी जास्त तुंबते. त्या दिवसांत तरी जरा जास्त लक्ष द्यायला काय होतं?

परवा मीच हातमोजे घालून बसले. जाळी काढली, वाटी फिरवून वर ओढली, आकड्यानं आतलं ओढायला घेतलं. काळपट, बुळबुळीत, ओल्या सुंभासारखा गुंता येतच राहिला, संपेना. त्यात दोन टिकल्या, शाम्पूच्या पुडीचे दातांनी तोडलेले कोपरे, साबणाची झिजलेली चपटी वडी, घासणीचा काथ्या, आणि धाकटीच्या कानातल्याची फिरकी, जी आम्ही सगळं घर पालथं घालून शोधली होती. कुजका वास तर असा, की मोजे काढून दोनदा हात धुतले तरी नाकातून जाईना. हे सगळं बाहेर आल्यावर एक बादली पाणी ओतलं, तर घटकेत खाली गेलं. ना पावडर लागली, ना ॲसिड, ना प्लंबर.

पण हाताने काढायचं सोडून लोक काय वाट्टेल ते ओततील. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाहतो आणि खायचा सोडा आणि व्हिनेगर ओततो. फसफस होतं, बघायला बरं वाटतं. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं ते खारट पाणी. केसाला त्यानं काही होत नाही. माझा सोडा संपला, बाकी मोरी जिथल्या तिथे. दुसरा उकळतं पाणी ओततो. थिजलेलं तेल सुटायला कढत पाणी चांगलं, पण पातेल्यात खळखळणारं पाणी थेट ओतत राहिलात तर पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो, सांधे ढिले होतात. मग खालच्या मजल्यावरच्या काकू फोटो पाठवतात छतावरच्या ओलीचे. ते फोटो माझ्या मोबाइलवर येतात, पाणी ओतणाऱ्याच्या नाही.

कॉस्टिक सोड्याची पावडर केस खाते, हे खरं. केस म्हणजे केराटिन, आणि कडक अल्कलीत ते विरघळतं. पण ती पावडर पाण्यात पडली की सणसणून तापते, अंगावर उडाली की कातडी जाते, डोळ्यात गेली तर डोळा. भसकन जास्त ओतली तर ट्रॅपमध्ये तिचा दगड होऊन बसतो, तो फोडायला पुन्हा माणूस बोलवा. आणि ती टाकून काम झालं नाही म्हणून मागोमाग ॲसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत! दोन्ही एकत्र आले की उसळून तोंडावर येतं. ॲसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो, चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, दार लावून. जिवाशी खेळ आहे हा, केसांच्या पुंजक्यापायी.

आणि हे ओततं कोण? ओत म्हणणारा हॉलमध्ये बसलेला असतो. ओतायला मावशी असतात. आमच्या सोसायटीत घरोघरी मी हे बघते. मावशींच्या हातात ॲसिडची बाटली द्यायची, मोजे नाहीत, तोंडाला फक्त पदर, वरची खिडकी पेल्याएवढी. त्या खोकत बाहेर येतात, डोळ्यांना पाणी, आणि घरातले विचारतात, "झालं का मोकळं?" नाही झालं. त्या फरशीच्या ॲसिडनं केसांचा गुंता हटतच नाही. ते टाइल्समधलं सिमेंट खातं, जाळीची चकाकी घालवतं आणि मावशींच्या बोटांची सालं काढतं. मी आमच्या घरातून ती बाटली कायमची काढून टाकली. दुसऱ्याच्या फुप्फुसांच्या जिवावर आपली मोरी साफ ठेवायचा हक्क कुणी दिला आपल्याला?

यापेक्षाही डोकं उठतं ते जाळीच काढून ठेवणाऱ्यांवर. "जाळी काढली की पाणी कसं भसाभस जातं बघ." जाणारच ना! पाण्याबरोबर सगळे केस आणि वॉशिंग मशीनमधून येणारा कपड्यांचा भुगा आत जातो आणि वळणावर जाऊन बसतो, जिथे माझा हात पोचत नाही. मग प्लंबरची स्प्रिंग लागते. तो येतो दोन दिवसांनी, पैसे घेतो, काळं पाणी बाथरूमभर पसरून जातो. वाटी काढून ठेवलीत की रात्री झुरळं वर येतात ती वेगळीच, आणि त्यांच्यासाठी स्प्रे मारायलाही मीच.

बिल्डरबद्दल काय बोलावं. मीटरला दीड-दोन सेंटीमीटर उतार देता येत नाही यांना. आमच्याकडे पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येतं, आणि जाळी बसवलीय ती मशीनच्या मागे कोपऱ्यात, जिथे वाकायला जागा नाही. पण त्याच्या नावानं खडे फोडून केस उचलले जात नाहीत.

काय करायचं ते मी घरात सांगून दमले. न्हायच्या आधी केस कोरडे असताना विंचरायचे आणि निघालेले केस डब्यात टाकायचे, म्हणजे निम्मे गळायचे ते तिथेच गळतात. बाथरूममध्ये कंगवा धुऊन केस जाळीवर सोडायचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात बारीक भोकांची स्टीलची जाळी मिळते, ती मूळ जाळीवर ठेवायची. प्लॅस्टिकची काटेरी पट्टीही मिळते, भोकातून खाली घालून वर ओढली की केस काट्यांना लागून येतात. आठवड्यातून एकदा वाटी काढून घासायची आणि परत नीट बसवायची. मात्र बेसिन आणि बाथरूम एकदम तुंबली, किंवा एकीकडे पाणी सोडलं की दुसरीकडच्या जाळीतून वर येतंय, तर गोष्ट केसांच्या पुढे गेली, तेव्हा प्लंबरच बोलवावा.

एवढं सांगूनही पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळीही जाळीवर पुंजका होता. आखूड केस होते सगळे. मी उचलला नाही. मोजे, आकडा आणि काटेरी पट्टी बाथरूमच्या दाराला बाहेरून टांगून ठेवलीय. संध्याकाळी ज्याला आंघोळ करायची असेल त्यानं आधी ते हातात घ्यावं.